जुन्या चर्चमध्ये नाताळची गीतं आणि शास्त्रवाचनं: पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातल्या बहुतेक मंडळ्यांत नाताळचा कार्यक्रम म्हटला की तरुण संघाचं नाटक, संडेस्कूलच्या मुलांचे नाच, बक्षिसं आणि शेवटी केक हे ठरलेलं असतं. ते सगळं हवंच. त्याशिवाय एक संध्याकाळ फक्त बायबलच्या वाचनासाठी आणि गाण्यासाठी राखावी, असं आता बऱ्याच ठिकाणी तरुणांना वाटू लागलंय, आणि तुमच्या गावात दगडी भिंतींचं, उंच छताचं जुनं चर्च असेल तर तशी संध्याकाळ करायलाच हवी. जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की सगळे आधी गाणी, ड्रेस आणि स्पीकर यांच्या मागे लागतात. माझं म्हणणं असं की सुरुवात वाचनांपासून करा. या कार्यक्रमाचा कणा वाचन आहे. गाणं म्हणजे त्या वाचनाला मंडळीनं दिलेलं उत्तर.

हा क्रम आला कुठून

थोडा इतिहास माहीत असला की निर्णय सोपे होतात. इंग्लंडमधल्या ट्रुरो गावात कॅथीड्रलचं बांधकाम सुरू होतं, तेव्हा उपासना एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत चालत. तिथे बिशप एडवर्ड बेन्सन यांनी १८८० च्या २४ डिसेंबरला रात्री नऊ वाचनं आणि त्यांच्यामध्ये नाताळची गीतं अशी उपासना घेतली. पुढे १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपून जेमतेम दीड महिना झाला असताना, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये एरिक मिलनर-व्हाइट यांनी हाच क्रम आणला. ते स्वतः सैन्यात धर्मगुरू म्हणून काम करून आलेले होते. १९२८ पासून तो रेडिओवर ऐकवला जाऊ लागला आणि जगभर पोचला.

आपल्या भागातली जुनी चर्च बरीचशी लष्करामुळे उभी राहिली. छत्रपती संभाजीनगरची छावणी असो की जालन्याची जुनी छावणी, हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी तिथे इंग्रजी उपासना होत. मराठी मंडळी वाढली ती मिशनच्या कामातून. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली, रतनजी नौरोजी यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत काम केलं. आज त्या बाकांवर बसणारी माणसं मराठी बोलणारी, खेड्यापाड्याशी नातं असलेली आहेत. म्हणून केंब्रिजचा क्रम जरूर घ्या, तिथल्या क्वायरची, म्हणजे चर्चच्या गायकगटाची, नक्कल करू नका. आपल्या मंडळीला कीर्तन, अभंग, भजन ऐकायचा कान आहे. तोच इथे कामाला येतो.

ऑक्टोबर: तारीख आणि परवानगी

पहिली भेट पाळकसाहेबांची. त्यांच्याशी बोलल्याशिवाय गाणाऱ्या मुलांनाही काही सांगू नका. मग पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीपुढे, विषय ठेवून तारीख लिहून घ्या. ख्रिस्तजन्माच्या आधीचा रविवार सगळ्यात चांगला. २४ च्या मध्यरात्रीची उपासना वेगळी, तिच्यात हा कार्यक्रम मिसळू नये.

तारीख धरताना तीन गोष्टी बघा. डिसेंबरात शाळांची गॅदरिंग असतात, त्यामुळे साउंडवाला आणि मंडपवाला दोघंही ऐनवेळी मिळत नाहीत. बयाणा नोव्हेंबरातच द्या. गावाचा आठवडी बाजार त्या दिवशी नसावा. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नाताळात गावी नसतात. बीड, धाराशिवकडच्या मंडळ्यांना हे सांगायला नको. मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं उरतात. तुमचे गाणारे आणि वाचणारे यांच्यातूनच निवडायचे आहेत, हे लक्षात ठेवून आखणी करा.

वेळ संध्याकाळी सहाची. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणजे वाचन सुरू होताना खिडक्यांत अंधार असतो, आणि साडेसातला संपलं तर खेड्यातून आलेल्यांना शेवटची एसटी मिळते. दीड तासाच्या वर एक मिनिटही नको.

लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. तुमचा आवाज चर्चच्या आतच राहणार असला तरी पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन पोच घ्या. रस्त्यावरून गात जायचं असेल तर त्याची परवानगी स्वतंत्र काढावी लागते.

इमारत ऐकून घ्या

हे काम कुणीच करत नाही. गाणी निवडण्याआधी दुपारच्या शांत वेळी रिकाम्या चर्चमध्ये जा. वेदीसमोर उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि आवाज विरेपर्यंत मनात सेकंद मोजा. दोनच्या पुढे गेलात तर तुमच्या इमारतीत घुमारा आहे. मग भराभर म्हटलेली ओळ मागच्या बाकावर गोंधळ होऊन पोचणार, तबल्याची द्रुत लय चिखल होणार, आणि माइकचा आवाज वाढवला तर शब्द आणखी बुडणार. भरलेल्या चर्चमध्ये घुमारा कमी होतो, कारण शाली, स्वेटर आणि माणसं आवाज पिऊन घेतात. तरी तालीम रिकाम्या चर्चमध्येच करा. रिकाम्यात स्पष्ट कळलं तर भरल्यात कळणारच.

नंतर एकाला पुल्पिटवर, म्हणजे प्रवचनाच्या उंच जागी, उभं करून वाचायला लावा आणि स्वतः शेवटच्या बाकावर, खांबाच्या मागे, दाराजवळ बसून बघा. कुठे शब्द तुटतात ते कागदावर टिपा. दोन माइक पुरेत: एक वाचनाच्या जागी, एक मुलांच्या गटापुढे. पेटीला लागत नाही. स्पीकर वेदीपाशी भिंतीला टेकवून मोठ्यानं लावण्यापेक्षा दोन्ही बाजूंना मध्यावर, माणसांच्या कानाच्या थोडे वर, हळू आवाजात लावा. साउंडवाल्याला हे पटणार नाही. त्याला लग्नाच्या मांडवाची सवय असते. त्याला शेजारी बसवून एक वाचन ऐकवा, मग पटतं.

त्याच फेरीत घंटाघराकडे आणि छपराच्या वळचणीकडे वर नजर टाका. आपल्याकडे जुन्या दगडी इमारतींना आग्या मोहोळ असतं. घंटा जोरात वाजवली किंवा हॅलोजनचा झोत वर टाकला की माश्या खवळतात. मोहोळ दिसलं तर त्या बाजूला दिवा नको, घंटा नको, धूर तर मुळीच नको. काढायचं असेल तर माहीतगार माणूस बोलावून, आणि तेही कार्यक्रमाच्या बरंच आधी.

वाचनं निवडणं आणि वाचणारे घडवणं

मूळ क्रमात नऊ वाचनं आहेत. पहिल्या वर्षी सात घ्या. उत्पत्ती २२ आणि यशया ११ वगळले की हा क्रम उरतो:

१. उत्पत्ती ३:८–१५
२. यशया ९:२, ६–७
३. लूक १:२६–३८
४. लूक २:१–७
५. लूक २:८–१६
६. मत्तय २:१–१२
७. योहान १:१–१४

बागेत लपलेल्या आदामापासून सुरू होऊन 'शब्द देही झाला' इथपर्यंत येणारी ही एकच कथा आहे. म्हणून मध्ये कुणी निवेदन करू नये, पुढचं वाचन कशाबद्दल आहे ते सांगू नये, वाचणाऱ्याची ओळख करून देऊ नये. वाचणाऱ्यानं पुस्तकाचं नाव आणि अध्याय सांगावा, वाचावं, 'देवाला धन्यवाद' म्हणावं आणि जागेवर जाऊन बसावं. बस.

केंब्रिजला वाचणाऱ्यांचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे चढत जातो. पहिलं वाचन क्वायरमधला मुलगा करतो. ही पद्धत आपल्याकडे फार शोभते. पहिलं संडेस्कूलच्या मुलीकडे द्या. मग कॉलेजचा मुलगा, दवाखान्यातली सिस्टर, महिला मंडळातल्या मावशी, शेतकरी, निवृत्त मास्तर, आणि शेवटचं योहानाचं पाळकसाहेबांकडे. फक्त 'मान' म्हणून कुणाला वाचन देऊ नका. ज्याला तालमीला यायला जमणार नाही त्याला वाचन नाही, मग तो कमिटीचा सेक्रेटरी का असेना.

लूक २:१–७ कुणाकडे द्यायचं याचा मात्र नीट विचार करा. नावनोंदणीसाठी घर सोडून निघालेलं जोडपं, दिवस भरलेली बाई, उतरायला जागा नाही, आणि जनावरांच्या गव्हाणीत ठेवलेलं बाळ. कारखान्याच्या हद्दीत उसाच्या फडाशेजारी कोपीत बाळंत झालेल्या बाया आपल्या जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या घरातल्या एखाद्या आजीनं हे वाचलं तर मंडळीत कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आजीला वाचता येत नसेल तर पाठ करून घ्या. आठ दिवस नातीनं रोज संध्याकाळी म्हणून दाखवलं की आजीच्या तोंडी बसतं. भजनं पाठ असणाऱ्या पिढीला सात ओव्यांएवढा मजकूर जड नाही.

तालीम अशी घ्या. पहिल्या दिवशी घरी मोठ्यानं तीनदा. नावं अडतात: क्विरीनिय, सूरिया, नासरेथ, गब्रीएल. ती आधी वेगळी दहा वेळा म्हणा. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, माइकशिवाय. वाक्य संपलं की भिंतीवरून परत येणारा आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मगच पुढचं वाक्य. नव्या माणसाला हे थांबणं फार लांब वाटतं, तो घाबरून पुढे पळतो. त्याला सांगा की मागे बसलेल्याला एवढा वेळ लागतोच. तिसऱ्या दिवशी माइकवर. वितीएवढं अंतर ठेवा, तोंड थोडं बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. जुन्या भाषांतरातली भाषा बदलून सोपी करू नका. नीट सावकाश वाचली तर ती सगळ्यांना कळते.

वाचन पवित्र शास्त्राच्या मोठ्या प्रतीतून व्हावं, मोबाइलवरून नाही. सातही ठिकाणी फिती घालून ठेवा. अंधारात पान शोधणारा वाचक स्वतःही अस्वस्थ होतो आणि मंडळीलाही करतो.

गाणी

सात वाचनं, आठ गाणी: एक सुरुवातीचं, मग प्रत्येक वाचनानंतर एक. यातली निदान पाच सगळ्या मंडळीनं गायची असावीत. गट गातोय आणि लोक मोबाइलवर शूटिंग करतायत, हे चित्र टाळायचं असेल तर उपाय हाच.

'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक तुमच्याकडे आहेच. नारायण वामन टिळकांची गीतं मराठी मातीतल्या छंदांत बांधलेली आहेत. ती पेटी, ढोलकी आणि टाळांवरच खुलतात. गिटार-कीबोर्डवर ताणू नका. भविष्यवाणीच्या वाचनांनंतर संथ गीत, मेंढपाळांच्या वाचनानंतर टाळांचं गीत, असं वाटून घ्या. टाळांचं गीत एकच ठेवा, आणि ते मेंढपाळांनाच द्या. त्यांच्याइतका आनंद या कथेत दुसऱ्या कुणी केला नाही. घुमाऱ्याच्या चर्चमध्ये ढोलकीखाली जाड सतरंजी घाला आणि थाप हलकी ठेवा.

पाश्चात्त्य चालीचं एखादं गीत सगळ्यांना हवंच असतं, आणि ते बहुधा 'सायलेंट नाइट' असतं. १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला योसेफ मोर यांचे शब्द आणि फ्रान्स ग्रुबर यांची चाल गिटारच्या साथीवर पहिल्यांदा गायली गेली. चाल साधी वाटते, पण तिचा पल्ला मोठा आहे: खालच्या षड्जापासून तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत. पेटीवाल्यानं सवयीनं पांढरी चार धरली की सगळ्यात वरच्या स्वरापाशी अर्धी मंडळी गप्प होते. काळी पाच खालून धरा. बायका, पुरुष, मुलं सगळे पोचतात. प्रत्येक गाण्याची पट्टी तालमीतच ठरवून पेटीवर कागद चिकटवा.

सुरुवातीच्या गीताचं पहिलं कडवं एका मुलानं किंवा मुलीनं, दारापाशी उभं राहून, साथीशिवाय गावं. केंब्रिजला १९१९ पासून असंच होतं, आणि कोण गाणार हे अगदी ऐनवेळी ठरवतात, म्हणजे मुलाला रात्रभर धास्ती राहत नाही. तुम्हीही तिघांना तयार ठेवा. डिसेंबरच्या थंडीत एकाचा घसा बसतोच.

दिवे, मेणबत्त्या, गोठा

जुन्या चर्चचं छत लाकडी, पडदे कोरडे, वायरिंग कधीचं ते कुणाला ठाऊक नसतं. इलेक्ट्रिशियनला आधी दाखवा, आणि सीरीजच्या माळा, हॅलोजन, अँप्लिफायर एकाच बोर्डावर देऊ नका. वीज जाणार हे गृहीत धरा. इन्व्हर्टरवर फक्त वाचनाची जागा आणि एक माइक. जनरेटर लागलाच तर दारापासून लांब.

हातातल्या मेणबत्त्या शेवटच्या गाण्यालाच पेटवा. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चकती, दहा वर्षांखालच्यांना मेणबत्ती नाही, सिंथेटिक ओढण्या-पदर खोचलेले. पेटलेली मेणबत्ती सरळ आणि विझलेली तिरकी धरून पेटवायची, म्हणजे मेण सांडत नाही. प्रत्येक दाराशी वाळूची बादली आणि एक मोठा माणूस, ज्यानं गायचं नाही, फक्त बघायचं.

गोठ्यासाठी ज्वारीचा कडबा आपल्याकडे सहज मिळतो आणि दिसतोही देखणा. तो खडखडीत वाळलेला असतो, म्हणून गोठ्याजवळ एकही ज्योत नको, तिथे एलईडी बल्बच लावा. भिंतीत खिळे ठोकू नका, जुन्या बाकांच्या पॉलिशला चिकटपट्टी लावू नका, स्मृतिफलकांवर माळा टांगू नका. सुतळीनं बांधा.

प्रास्ताविक आणि सत्कार

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण चांगली झालेली तयारी इथेच वाया जाते. आपल्याकडे चार माणसं जमली की दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे दोन शब्द आणि आभारप्रदर्शन आलंच. या कार्यक्रमात यातलं काहीही नको. ही उपासना आहे. मान एकाचाच आहे, आणि तो गव्हाणीत आहे.

पण गावात राहायचं आहे, त्यामुळे वाट काढावी लागते. नगरसेवक, सरपंच, मंडळीचे देणगीदार यांना घरी जाऊन भेटा, पत्रिका हातात द्या आणि तेव्हाच सांगा: 'साहेब, आत भाषणं नसतात. सहाच्या आधी या, पुढच्या बाकावर जागा ठेवतो, चहाला आपण बोलू.' समोरासमोर आधी सांगितलं तर कुणी राग धरत नाही. उशिरा आलेल्याला गाणं चालू असताना बसवा, वाचन चालू असताना नाही. दारावरच्या दोघांना ही एकच सूचना नीट पाठ हवी. आणि टाळ्या नाहीत; हे पाळकसाहेबांनी सुरुवातीच्या प्रार्थनेआधी एका वाक्यात सांगावं.

शेजारपाजारच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांना आवर्जून बोलवा. येणाऱ्याला आत काय करायचं याचा संकोच असतो, म्हणून गीतांच्या पत्रिकेवर 'इथे उभे राहू या', 'इथे बसू या' असं छापा, अक्षर मोठं ठेवा. चपला बाहेर की आत, हे दारावर लिहा. प्रत्येक चर्चची रीत वेगळी असते. प्रसाद कधी, आरती कधी असं कुणी विचारलं तर प्रेमानं समजवा. दानार्पणाची पेटी दाराशी असू द्या आणि पैसे कशासाठी आहेत ते पेटीवरच लिहा.

संपल्यावर

चहा, करंजी, चिवडा, केक बाहेर अंगणात, आत नाही. चर्चला लागून जुनं कब्रस्तान असेल तर तिकडच्या कठड्यावर कप ठेवले जातात; दोन पिंप आणि दोन पोरं त्या बाजूला उभी करा. फरशीवर पडलेलं मेण त्याच रात्री, गार झाल्यावर, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. लोखंडी सुरी दगडावर ओरखडे पाडते.

दुसऱ्या दिवशी वाचणारे, गाणारे आणि साउंडवाला यांच्यासह अर्धा तास बसा. कोणतं वाचन किती मिनिटांचं झालं, कोणती पट्टी उंच पडली, कुठल्या बाकावर ऐकू आलं नाही, किती पत्रिका कमी पडल्या, हे एका वहीत उतरवा. वही व्हेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटात, उपासना संगीताच्या प्रतींशेजारी ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे तेही पहिल्या पानावर लिहा. दुसऱ्या वर्षी वगळलेली दोन वाचनं परत घ्यायची की नाही, ते तीच वही बघून ठरवा.